घशात अडकलेला दाणा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात एका शिक्षकाने उभे राहावे आणि पालकांस शिक्षणाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्या संस्थेचा रिवाज आहे. परीक्षेतील गुण, मुलींचे शिक्षण, मराठी की इंग्रजी माध्यम, मोबाइलचे वेड, हे विषय आपण ऐकलेले आहेत आणि पुढेही ऐकालच. यंदा सचिवसाहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "लहान मुलाच्या घशात काही अडकले तर काय करावे." ते क्षणभर थांबले. हा विषय डॉक्टरांचा, मास्तरांचा नव्हे, असे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले. त्यांचे चुकीचे नव्हते. परंतु घशात दाणा अडकतो तेव्हा डॉक्टर दवाखान्यात असतात आणि मूल आपल्या पडवीत असते. श्वास पूर्ण बंद झाला तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा पोचू लागते. आपल्या गावातून तालुक्याच्या इस्पितळात जायला किती वेळ लागतो, हे आपणांस मी सांगायला नको. म्हणून हा विषय डॉक्टरांच्या आधी आई-बापांचा, दादी-नानीचा आणि मोठ्या भावंडांचा आहे.

मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलो, पाठटाचणे काढली, परीक्षा दिली. घशात दाणा अडकलेल्या मुलाचे काय करावे हे मला कोणी शिकविले नव्हते, आणि शिकावे असे मलाही कधी वाटले नव्हते. ते कसे वाटले ते आधी सांगतो.

२०१८ सालचा डिसेंबर महिना. माझी मुलगी दीड वर्षाची होती. दुपारची वेळ, पडवीत माझी आई भाजलेल्या शेंगा सोलत बसली होती. नात भोवती धावत होती. पळत यायचे, दादीच्या हातून एक दाणा तोंडात घ्यायचा, हसत पळून जायचे, पुन्हा यायचे, असा खेळ चालला होता. मी समोरच वर्तमानपत्र वाचीत होतो. एकाएकी हसणे थांबले. रडणे नाही, खोकणे नाही, काही नाही. मी वर पाहिले ते त्या शांततेमुळेच. ती उभी होती, तोंड उघडे, डोळे मोठे झालेले आणि ओठ पाहता पाहता जांभळे पडत चाललेले.

त्या वेळी आम्ही जे केले ते सगळे चुकीचे केले. आईने "वर बघ, कावळा बघ" म्हणत टाळूवर फुंकर घातली. बायको पाण्याचा पेला घेऊन धावली. शेजारच्या चाचांनी तिला पाय धरून उलटी लोंबकळविली. आणि मी, घरातला शिकलेला माणूस, तिच्या तोंडात बोट घालून आंधळ्यासारखे फिरविले. मग काय झाले कोण जाणे, तिला जोराची उबळ आली, दाण्याची एक डाळिंबी बाहेर पडली आणि ती रडू लागली. ते रडणे ऐकून घरातली सगळी माणसे रडली. दाणा निघाला, अल्लाहची कृपा झाली, असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

दाण्याला डाळिंब्या दोन असतात, हे त्या दिवशी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

आठवड्याभराने तिला खोकला सुरू झाला. मग छातीत शिट्टीसारखा आवाज, मग ताप. थंडीचे दिवस, सर्दी असेल असे वाटले. डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "मध्यंतरी काही खाताना ठसका वगैरे लागला होता का?" बायकोने माझ्याकडे पाहिले. बाहेर बाकावर माझी आई बसलेली होती. त्या प्रसंगानंतर ती आठ दिवस नीट जेवली नव्हती. मी डॉक्टरांना म्हणालो, "नाही."

आईला बोल लागू नये म्हणून मी खोटे बोललो. डॉक्टरांनी त्या उत्तराप्रमाणे औषध दिले, त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. असे तीन आठवडे गेले. औषधाने दोन दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांनी तिची छाती दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकली. उजवीकडे हवा कमी जाते आहे असे ते म्हणाले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी उत्तर देण्यापूर्वीच मागून आई बोलली, "डॉक्टरसाहेब, मी शेंगदाणे दिले होते. मीच दिले होते." दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईस गेलो. तेथे मुलीला भूल देऊन, तोंडावाटे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, उजव्या फुप्फुसाच्या नळीत रुतलेली दुसरी डाळिंबी काढली. ओलाव्याने ती फुगली होती. आता मुलगी आपल्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत आहे आणि वर्गात फार बोलते अशी तिच्या बाईंची तक्रार आहे. ती तक्रार मी आनंदाने ऐकतो.

आता विषयाकडे वळतो. अन्न आणि हवा यांची वाट घशापर्यंत एकच असते. पुढे अन्ननलिका आणि श्वासनलिका असे दोन फाटे फुटतात. गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते. मूल हसले, रडले, धावताना धापा टाकू लागले की तोंडातील घास असतानाच ते जोराने श्वास आत ओढते, आणि झाकण उघडे असल्याने घास भलत्या वाटेने जातो. मोठ्या माणसाला ठसका लागतो व तो निघून जातो. लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते; शिवाय त्याच्या खोकल्यात जोर कमी. त्यात पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास येतात, त्यांच्या मागच्या दाढा दोन-तीन वर्षांच्या दरम्यान. म्हणजे दीड वर्षाचे मूल पुढच्या दातांनी दाणा तोडू शकते, पण दळू शकत नाही. म्हणूनच माझ्या मुलीच्या बाबतीत दाण्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तसेच राहिले.

अमेरिकेत शेव्हालियर जॅक्सन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले, जन्म १८६५, मृत्यू १९५८. लोकांच्या श्वासनलिकेतून व अन्ननलिकेतून काढलेल्या वस्तू ते टाकून देत नसत. नाणी, पिना, बटणे, दाणे, हाडे, खेळण्यांचे भाग अशा २३७४ वस्तू फिलाडेल्फिया शहरातील म्युटर संग्रहालयात खणांमध्ये मांडून ठेवल्या आहेत. आमची डाळिंबी मीही एका छोट्या बाटलीत ठेवली होती. ती आईने एके दिवशी फेकून दिली, आणि ते योग्यच केले.

मग त्या क्षणी करावयाचे काय?

प्रथम ऐकावे. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, त्याच्या तोंडून आवाज निघत असेल, तर हवा आत-बाहेर होत आहे. अशा वेळी त्याला पुढे वाकवून खोकू द्यावे, धीर द्यावा, जवळ राहावे आणि हात आवरावा. खोकल्याइतका चांगला उपाय आपल्या हाती दुसरा नाही. पण खोकला क्षीण झाला, आवाज बंद झाला, रडण्याचा आविर्भाव आहे पण रडणे ऐकू येत नाही, ओठ निळे-जांभळे दिसू लागले, तर एक क्षणही दवडू नये. दुसरे कोणी जवळ असेल तर त्याला १०८ ला फोन करावयास सांगावे. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. आपण स्वतः मुलाला हाती घ्यावे.

मेळाव्यात मी हे कापडी बाहुलीवर करून दाखविले. छापील मजकुरात ती सोय नाही, म्हणून वाचकांनी उशी किंवा बाहुली जवळ घेऊन पुढचा भाग वाचावा, अशी माझी विनंती आहे. जिवंत, धडधाकट मुलावर मात्र सराव कधीही करू नये.

मूल एक वर्षाच्या आतील असेल तर आपण खाली बसावे. बाळाला आपल्या एका हातावर पालथे घ्यावे, तो हात मांडीवर टेकवावा, आणि बाळाचे डोके त्याच्या छातीपेक्षा खाली राहील असे करावे. त्याच हाताच्या बोटांनी बाळाचा जबडा धरून डोके सावरावे. गळ्याचा मऊ भाग दाबला जाऊ नये. दुसऱ्या हाताच्या तळव्याचा मनगटाजवळचा जो टणक भाग, ज्याला मी मुलांना शिकविताना हाताची टाच म्हणतो, त्याने बाळाच्या दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये पाच वेळा ठोसा द्यावा. आपण बाळाला झोपविताना थापटतो तसे थापटून भागणार नाही, ठोसा जोरकस हवा. प्रत्येक ठोशानंतर अडकलेली वस्तू निघाली का हे पाहावे. पाचांत निघाली तर पुढे जाण्याचे कारण नाही.

निघाली नाही, तर बाळाला दोन्ही हातांच्या मध्ये सावरून उताणे करावे, डोके अजूनही खालीच. छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, छातीच्या हाडावर पाच वेळा दाबावे. पूर्वी हे दोन बोटांनी करावयास शिकवीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ साली दिलेल्या सूचनांत एका हाताच्या टाचेने दाबावे असे म्हटले आहे. पुन्हा पालथे, पाच ठोसे; पुन्हा उताणे, पाच दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत हे चालू ठेवावे. बाळाच्या पोटावर मात्र कधीही दाबू नये. त्या वयात यकृत मोठे व नाजूक असते, त्यास इजा होते.

एक वर्षाच्या वरील मुलाच्या बाबतीतही सुरुवात पाठीवरील पाच ठोशांनीच करावी. मूल लहान असेल तर मांडीवर पालथे घ्यावे, मोठे असेल तर पुढे चांगले वाकवून एका हाताने छातीला आधार द्यावा. एवढ्याने भागले नाही तर त्याच्या मागे गुडघे टेकून बसावे, दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती घालावेत, एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्या जेथे मिळतात त्याच्या खाली ठेवावी, दुसऱ्या हाताने ती मूठ पकडावी आणि झटक्याने आत आणि वर ओढावी. असे पाच वेळा. मग पुन्हा पाठीवर पाच. फुप्फुसात जी हवा शिल्लक असते ती एकदम वर ढकलली जाते आणि बाटलीचे बूच उडावे तशी अडकलेली वस्तू उडते. पोट असे दाबलेल्या मुलाला, ते हसत-खेळत असले तरी, डॉक्टरांना दाखविल्याशिवाय राहू नये, कारण आत मार लागलेला असू शकतो.

पोट दाबण्याची ही युक्ती हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९७४ साली प्रसिद्ध केली. त्याआधी खाणावळीत जेवताना माणूस अचानक कोसळला तर हृदयविकार म्हणून नोंद होत असे, आणि प्रत्यक्षात घशात मांसाचा तुकडा निघे. हाइमलिकसाहेबांचे पाठीवर मारण्यास मात्र कडवे वैर होते. त्याने वस्तू आणखी आत जाते असे ते आग्रहाने सांगत, आणि १९८५ नंतर अमेरिकेत बरीच वर्षे त्यांचेच म्हणणे चालले. पुढे अमेरिकन रेडक्रॉसने पाठीवरचे ठोसे पुन्हा स्वीकारले. दोन्ही उपाय आलटून पालटून केले तर वस्तू निघण्याचा संभव अधिक, असे आज मानले जाते. आपल्या वाडवडिलांचे पाठीवर मारणे म्हणजे अगदीच अडाणीपणा नव्हता तर! उणीव एवढीच की आपण मुलाला सरळ उभे ठेवून मारतो. त्याला पुढे वाकविले म्हणजे वस्तूला बाहेर पडावयास वाट मिळते. जाता जाता सांगतो, २०१६ साली वृद्धाश्रमात राहत असलेल्या ९६ वर्षांच्या हाइमलिकसाहेबांनी शेजारी जेवत असलेल्या ८७ वर्षांच्या एका बाईंचा घास स्वतःच्या हातांनी याच रीतीने काढला. त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले.

मूल बेशुद्ध झाले, हातात लुळे पडले, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे, फोन मोठ्या आवाजावर टाकून १०८ शी बोलत राहावे आणि छातीच्या मध्यावर, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटास १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबावे. मग तोंड उघडून पाहावे. वस्तू समोर दिसली तरच बोटाने काढावी. नंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत आणि पुन्हा ३० दाब, मदत येईपर्यंत. हा भाग वाचून येत नाही. तालुक्यात प्रथमोपचाराचे वर्ग होतात तेव्हा घरटी एकाने तरी जावे. मी उशिरा गेलो, तुम्ही आधी जा.

आता न करावयाच्या गोष्टी. बोट घालून चाचपडू नये. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाने काढावयास गेलो तर ते आत ढकलले जाते. माझ्या मुलीची दुसरी डाळिंबी माझ्याच बोटाने खाली गेली की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. मला मात्र तो प्रश्न आजही रात्री पडतो. पाणी पाजू नये. पाय धरून उलटे लोंबकळवू नये. आणि मासळीचा काटा रुतला की भाताचा गोळा किंवा केळे गिळावयास देण्याची आपल्या किनाऱ्यावर जी पद्धत आहे, ती सोडावी. काटा रुतलेले मूल बोलते, श्वास घेते, फक्त गिळताना टोचते म्हणते; तेव्हा घाई न करता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे. गोळ्याने काटा आणखी खोल रुतू शकतो.

ठसका लागून गेल्यानंतर मूल शांत झाले तरी गोष्ट तेथे संपली असे समजू नका. वस्तू श्वासनलिकेतून खाली सरकून एका फुप्फुसाच्या नळीत, बहुधा उजवीकडच्या, जाऊन बसली की श्वास पुन्हा सुरू होतो आणि काही दिवस काहीच दिसत नाही. मग न हटणारा खोकला, एकाच बाजूस शिट्टीचा आवाज, वरचेवर ताप. यास दमा किंवा सर्दी समजले जाते. शेंगदाण्यातील तेलाने आतील त्वचा सुजते, त्यामुळे दाणा खड्याहून वाईट. एक्स-रेमध्ये धातू दिसतो, दाणा दिसत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या हाती खरे साधन एकच, ते म्हणजे आपण सांगितलेली हकीकत. ती सांगताना कोणाच्या हातून दाणा गेला हे घरात लपवावे लागू नये, असे वातावरण घरात हवे. सुनेच्या हातून गेला तर सासूने, आणि सासूच्या हातून गेला तर सुनेने त्या घटकेला तोंड बंद ठेवावे. दोष कोणाचा याचा हिशोब घरी आल्यावर होईल, किंवा न झाला तरी चालेल. माझ्या आईने त्या खोलीत जे धैर्य दाखविले ते तिच्या बी.एड. झालेल्या मुलाला दाखविता आले नव्हते.

हे घडूच नये म्हणून काय करावे? चार वर्षांच्या आतील मुलास अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, मक्याच्या लाह्या, चिक्की, लिमलेटसारख्या कडक गोळ्या देऊ नयेत. तसेच छोट्या प्लॅस्टिकच्या कपातील घसरगुंडी जेली, जी मूल ओढून गिळते. याचा अर्थ मुलाला दाणे खाऊ घालूच नका असा नव्हे. आपल्या प्रत्येक घरी दाण्याचे कूट असते, तेच द्या. बदामाची पूड करा. द्राक्ष उभे चिरून चार फोडी करा, आडवे कापून गोल चकत्या करू नका, कारण गोल चकती नळीत बुचासारखी बसते. मांसाचे तुकडे हाताने पिंजून द्या. सीताफळ, जांभूळ, बोर, करवंद यांतील बिया काढून मगच द्यावे. फणसाच्या दिवसांत उकडलेली आठळी कुस्करावी. चिंचोके आणि सुपारी मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवूच नये. पानाचा डबा उंच फळीवर बरा.

रमजानमध्ये विशेष सांभाळावे लागते. मगरिबच्या अजानीबरोबर घरातील सगळे एकदम हात पुढे करतात, मोठी माणसे दिवसभराच्या उपवासाने थकलेली असतात, आणि दोन वर्षांचे पोर दस्तरखानाभोवती फिरून प्रत्येकाच्या पुढ्यातले एकेक उचलीत असते. बियांसकट खजूर अशाच वेळी तोंडात जातो. त्या पंधरा मिनिटांपुरते एका जाणत्या मुलाकडे किंवा मुलीकडे लहानग्याची जबाबदारी सोपवावी. ईदच्या शीरखुर्म्यात खारकेचे, बदाम-पिस्त्याचे काप असतात. लहान मुलाची वाटी गाळून वेगळी काढावी. बसून, बिस्मिल्ला म्हणून, घाई न करता खावे हे मकतबात आपण मुलांना पहिल्याच वर्षी शिकवितो. मग घरी भरवण्यासाठी घास घेऊन मुलाच्या मागे अंगणभर का धावतो?

तहनीकविषयी थोडे बोलतो, कोणी गैरसमज करून घेऊ नये. नवजात बाळाच्या टाळूस खजूर लावण्याची ही सुन्नत आपणांस प्रिय आहे. हात स्वच्छ धुऊन, बोटाच्या टोकास लागेल एवढा ओलसर रस लावावा. गराचा किंवा सालीचा कण राहू देऊ नये. खजुराऐवजी मध लावण्याची चाल काही घरांत आहे. एक वर्षाच्या आतील बाळास मध देऊ नये असे डॉक्टर बजावतात, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. त्याचप्रमाणे न्हाऊ घातल्यावर बाळाच्या नाकात तेल सोडणे, किंवा नाक दाबून औषध पाजणे, हेही सोडावे. ते तेल व औषध फुप्फुसात उतरते.

खेळण्यांचे सांगायचे तर आखातातून सुटीवर येणारे आपले बंधू पोत्याने खेळणी आणतात, आणि ती बहुधा मोठ्या भावंडासाठी असली तरी घरात रांगते मूलही असते. तीन वर्षांच्या आतील मुलांच्या खेळण्यांची एक परीक्षा आहे. ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती धोक्याची. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे, म्हणजे त्याहूनही लहान. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. मार्क सक्तीचा आहे, तो पाहून घ्यावे. फुटलेल्या फुग्याचे तुकडे तत्काळ उचलावेत. तो रबराचा पडदा घशावर चिकटला म्हणजे ठोशानेही सहज सुटत नाही. खेळण्यातील किंवा रिमोटमधील बटणासारखी चपटी बॅटरी गिळली असेल तर मूल खेळत असले तरी त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. दोन तासांत ती अन्ननलिका आतून भाजते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे वळतो. पेनाच्या टोपणाच्या टोकाला बारीक भोक का असते, हे मी वर्गात विचारले तेव्हा शाई वाळावी म्हणून, असे उत्तर मिळाले. ते भोक टोपण घशात गेले तर हवा येत-जात राहावी म्हणून ठेवतात आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. यावरून टोपणे किती जणांनी गिळली असतील त्याचा अंदाज करा आणि ती चावणे बंद करा. घरी धाकट्या भावंडाला तुम्हीच सांभाळता, प्रेमाने आपल्या खाऊतला दाणा त्याला देता. तो देऊ नका. २०१५ पासून शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चावून खावयाची असते, अख्खी गिळावयाची नसते. एक ते तीन वर्षांच्या मुलांना ती कुटून पाण्यातून देतात. गोळीच्या दिवशी वर्गात हसविण्याचा उद्योग कोणी करू नये, ही माझी मागच्या बाकांना खास सूचना.

एका जीवाला वाचविण्याचे मोल सूरह अल-माइदामध्ये सांगितले आहे, ते आपण सर्व जाणता. मी मौलवीसाहेबांच्या समोर त्यावर अधिक बोलणार नाही. मेळाव्यात वापरलेली बाहुली शिक्षक-खोलीच्या कपाटात ठेवली आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास मी तेथे असतो. ज्या माता-पित्यांना पाच ठोसे आणि पाच दाब स्वतःच्या हाताने करून पाहावयाचे असतील त्यांनी यावे. पहिल्या शनिवारी सात जण आले होते. त्यांत सर्वांत पुढे, चष्मा लावून, माझी आई बसली होती. बाहुलीला पालथी घेताना तिचा हात चुकला, तेव्हा तिने मला थांबवून पुन्हा पहिल्यापासून दाखवावयास लावले.